अठरा किलो ज्वारी

१

सोलापुरात डोंगर नाही. ज्याला सतरा हजार फुटांवरची खिंड ओलांडायची आहे त्यानं इथं जन्मच घेऊ नये. विरेशनं घेतला होता, आणि तोही मार्केट यार्डातल्या ज्वारीच्या अडत्याच्या घरात. मग त्यानं आपल्यापुरता एक डोंगर शोधून काढला. कुंभारीच्या रस्त्याला आठ मजली इमारत अर्धवट बांधून सोडलेली होती. जिने झालेले, कठड्यांचा पत्ता नाही. विरेश रोज सकाळी सहाला आधी दुकानात यायचा, सॅकमध्ये मालदांडी ज्वारी भरायचा, काट्यावर बरोबर अठरा किलो करायचा आणि ती सॅक घेऊन ते जिने दहा वेळा चढायचा-उतरायचा. पायात बर्फाचे बूट आणि हातात बर्फात रोवायची ती आखूड कुऱ्हाड. भर एप्रिल, दुपारी पारा बेचाळीसवर. तिथला वॉचमन पहिल्या दिवशी पोट धरधरून हसला होता. आता नुसताच बघायचा.

परत आला की सॅक पुन्हा काट्यावर जायची. ही खोड दुकानानं लावलेली. माल निघताना तोलायचा आणि पोचल्यावरही तोलायचा, कारण वाटेत पोतं फाटतं, दाणे सांडतात, कोणी हात मारतं. घट येते. वाढ आल्याचं तीन पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

त्या सोमवारी काट्यानं अठरा किलो चारशे दाखवले.

घाम असेल, विरेशच्या मनात आलं. सॅकनं घाम प्यायला असेल. ज्वारीही ओल धरते, हे अडत्याच्या पोराला कोणी शिकवायला नको. त्यानं आत कोपरापर्यंत हात घातला. दाणे कोरडे खडखडीत होते. दुसऱ्या दिवशी परतल्यावर एकोणीस किलो शंभर भरले, तेव्हा त्यानं ज्ञानबाला हाक मारली. ज्ञानबा त्यांचा तोलार, माढ्याकडचा धनगर. तीस वर्षं हमाली करून काट्यावर बसलेला. त्यानं शिक्क्याची वजनं एकेक ठेवून काटा तपासला.

"काट्याला काय बी झालेलं न्हाय, मालक," तो म्हणाला. "एका ग्रॅमचा फरक न्हाय."

गंमत अशी की पाठीवर सॅक अठराचीच वाटत होती. विरेशनं तोच धागा धरला. शरीर खोटं बोलत नाही, यंत्र बोलतं, असं स्वतःला बजावून तो चहा प्यायला गेला.

२

संध्याकाळी पाचला शिवलीला फाइल घेऊन आली. ती वळसंगची, महेश्वरची धाकटी बहीण. शहरात औषधाच्या एका दुकानात कामाला होती, आणि गावाकडची एसटी धरायच्या आधी तासभर इथं बसून भावाला शोधायच्या ट्रेकचं विरेशबरोबर ठरवायची. कोणत्या दिवशी किती चालायचं, तंबू कुठं ठोकायचा, विरळ हवेची सवय व्हायला कुठं मुक्काम वाढवायचा, सगळं तिनं वळणदार अक्षरात लिहून काढलं होतं. डोंगर तिनं जन्मात पाहिला नव्हता.

महेश्वर आणि विरेश बालवाडीपासूनचे दोस्त. दोन वर्षांपूर्वी लाहौलमधल्या त्या खिंडीत दोघंच गेले आणि विरेश एकटा परत आला. त्यानं सगळ्यांना सांगितलं ते असं: वादळ आलं, महेश्वर माझ्या पुढं तीस फुटांवर होता, बर्फात भेग उघडली आणि तो आत गेला. माझा हात पोचला नाही. विरेशची बर्फानं काळीनिळी पडलेली पावलं बघून पुढं काही विचारायची कोणाची छाती झाली नाही. वळसंगला रीतीप्रमाणे खड्डा काढला. लिंगायताला बसवून माती देतात, डाव्या तळव्यात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. इथं बसवायला कोणीच नव्हतं. खड्डा तसाच बुजवला.

"अण्णा, हे ऐक," शिवलीलानं फोन पुढं केला. तिकडच्या वाटाड्याचा निरोप होता. यंदा बर्फ फार वितळलं, मेंढपाळांनी पाहिलं, पिवळं जॅकेट घातलेला एक माणूस दगडाला टेकून बसलाय.

"बसलाय, अण्णा," शिवलीला म्हणाली. "भेगेत न्हाय. बाहेर हाय. म्हंजे दादा वर आला असंल की. वाट बघत बसला असंल. किती वेळ बसला असंल रे?"

भेग नव्हतीच. हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

त्यानं नकाशा ओढून घेतला आणि पेन्सिलीनं नवी वाट काढली, हिमनदीच्या उजव्या काठानं. शिवलीला वाकून बघत राहिली.

"दगड तर डावीकडं हाय."

"डावीकडं दरड कोसळते. तुला काय कळतंय त्यातलं?"

"दगडापर्यंत जायचंच न्हाय, तर मी कशाला येऊ?" ती शांतपणे म्हणाली. "तुला भीती वाटत असंल तर राहू दे, अण्णा. मी वाटाड्याला घेऊन जाईन. पण मी जाणार."

म्हणून तर तो तिच्याबरोबर निघाला होता. ती एकटी गेली तर थेट त्या दगडापाशी पोचणार. तिथं तिला भावाचा उजवा हात दिसणार, आणि बर्फात काहीच कुजत नाही. तो बरोबर असला तर वाट त्याच्या हातात राहील. आणि वाट नाहीच राहिली हातात, तर डोंगरात पाय काय कोणाचाही घसरतो. हा विचार मनात आला तेव्हा तो शिवलीलाच्या वेणीकडे बघत होता. त्याची त्यालाच शिसारी आली, पण विचार काही गेला नाही.

३

बुधवारी काट्यावर चोवीस किलो भरले. गुरुवारी एकेचाळीस.

विरेशनं ज्वारी बदलली. सॅक उलटी करून झटकली. फक्त वरच्या झाकणाचा आतला कप्पा त्यानं उघडला नाही. तो कप्पा दोन वर्षं बंद होता. दुसरी सॅक घ्यायची तर त्यातली वस्तू हातानं काढावी लागली असती, म्हणून तर त्यानं दुसरी सॅक घेतली नव्हती.

काट्याच्या पत्र्यावर सॅकखाली पाणी साचू लागलं होतं. आधी ओलावा, मग थारोळं. बाहेर डांबर पाघळत होतं आणि या पाण्यात बोट घातलं तर हाडापर्यंत कळ जायची. विरेशनं फरशी स्वतः पुसली. पाण्याच्या बाटलीचं बूच सैल असणार, असं तो मोठ्यानं म्हणाला. त्या दिवशी त्यानं बाटली नेलीच नव्हती.

शुक्रवारी ज्ञानबा मदतीला धावला. "द्या हिकडं," म्हणत त्यानं हमालाच्या सवयीनं सॅक एका झटक्यात पाठीवर घेतली. दोन पावलं टाकली आणि थांबला. मग त्यानं ती खाली ठेवली नाही, टाकली. भिंतीपर्यंत मागं सरकला. त्याच्या खांद्यांवर, सदऱ्यावर, दोन ओले डाग उमटले होते.

"काय झालं?"

"आयुष्यभर पोती वाहिली, मालक," ज्ञानबा म्हणाला. "पोतं पाठीवर बसतं. ह्ये बसत न्हाय. ह्ये धरतंय."

"उन्हानं डोकं फिरलंय तुझं. घरी जा."

"जातो की. पर तुमी बी ते उचलू नगा."

तो गेला. विरेशनं सॅक काट्यावर चढवली. एकोणऐंशी किलो दोनशे. नजर चुकवायची म्हणून त्यानं मान वळवली आणि दुकानाच्या खांबाकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या दिवशी दोघं दोस्त खिदळत या काट्यावर उभे राहिले होते. पोत्यांवर खूण करायच्या निळ्या रंगानं ज्ञानबानं आकडे खांबावर लिहिले होते. विरेश ७४. महेश्वर ६१.२००.

एकोणऐंशी दोनशेतून अठरा वजा करायला अडत्याच्या पोराला कागद लागत नाही. त्यानं काट्याची वायरच उपटली.

४

शनिवारी नागव्वानं बोलावलं म्हणून तो वळसंगला गेला. नागव्वा म्हणजे महेश्वरची आई. तिच्या दोन मुलांच्या ताटांशेजारी विरेशचंही ताट असायचं, आणि तोही तिला अव्वाच, म्हणजे आईच, म्हणायचा. ट्रेकसाठी तिनं कडक भाकरी करून ठेवल्या होत्या, पापडासारख्या वाळलेल्या, महिनाभर टिकणाऱ्या. डब्यात शेंगाची चटणी.

"सॅक आण, माज्या हातानं भरते," ती म्हणाली. सॅक त्यानं मुद्दाम ओट्यावर, उन्हात ठेवली होती. नागव्वा उठून तिच्याजवळ जाऊन बसली. भाकरीची चवड आत सरकवताना तिचा हात थबकला.

"आत लई गार हाय रे."

"बर्फाची बाटली आहे, अव्वा."

तिनं हात लगेच काढला नाही. सॅकच्या पट्ट्यावरून, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवत राहिली. "मला येकच समाधान हाय बग," ती म्हणाली. "माती न्हाय मिळाली माज्या लेकाला, पर लिंग त्याच्याजवळ हाय. गळ्यातलं कदी काढलं न्हाय त्यानं. हाय न्हवं त्याच्याजवळ?"

"हाय, अव्वा," विरेश म्हणाला.

ते तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. झाकणाच्या आतल्या कप्प्यात, चांदीच्या सुपारीएवढ्या डबीत. करडगी म्हणतात तिला.

महेश्वरचा गुडघा निखळला होता, खरं ते एवढंच. विरेशनं त्याला चार तास ओढत आणलं, हेही खरं. मग अंधारून आलं, वारा कापायला लागला, आणि विरेशला कळलं की दोघं गेलो तर दोघं मरणार. तो पुढं निघाला. महेश्वरनं मागून सॅकचे पट्टे धरले, दोन्ही हातांनी. "सोडू नको बे, विऱ्या," तो म्हणत होता. "सोडू नको." विरेशनं आधी झटकून पाहिलं. मग शिव्या दिल्या. मग वळला आणि कुऱ्हाड उलटी धरून बोटांवर हाणली. ऊस मोडावा तसा आवाज झाला. दुसऱ्या घावाला महेश्वर ओरडला, तिसऱ्याला उजवा हात सुटला. डावा सुटेना, म्हणून विरेशनं त्याच्या गळ्याला धरून त्याला मागं लोटलं. खाली तंबूत पोचल्यावर आखडलेली मूठ उघडली तर आत तुटका दोरा आणि करडगी.

ती आईच्या हाती द्यायची तर सांगावं लागलं असतं, की हात पोचला होता. फेकून द्यावी तर लिंग फेकणारा हात त्याच्या घराण्यात जन्मलेला नव्हता. माणसाच्या बोटांवर तो कुऱ्हाड घालू शकला, एवढीशी डबी मात्र त्याला टाकवेना. म्हणून ती तिथंच राहिली.

निघताना नागव्वानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तोच हात तिनं सॅकवरूनही फिरवला. विरेशनं ते पाहिलं नाही असं दाखवलं.

५

रविवारी सकाळी शिवलीला सरावाला इमारतीवर आली. पाठीवर तिची छोटी सॅक, सहा किलो ज्वारी. विरेशच्या सॅकमध्ये अठरा, डाव्या हातात कुऱ्हाड. काटा बंद होता, त्यामुळे अठराच, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. तो यायला तयार नव्हता, पण न येण्याचं कारण काय सांगणार?

सातव्या मजल्यावर ती दम खायला थांबली. समोर भिंत नाही, फक्त स्लॅबची कड आणि पलीकडे वळसंगकडे जाणारा रस्ता. मागं लिफ्टसाठी सोडलेला चौकोनी खड्डा, थेट तळापर्यंत.

"अण्णा, सांगायचं राहिलं," ती कडेशी उभी राहून, रस्त्याकडे बघत म्हणाली. "काल वाटाड्याचा फोन आला. तिथला पोलीस पण येणार हाय आपल्याबरोबर, पंचनाम्याला. आता डावीकडूनच जायचं. बदलायचं न्हाय."

तिच्या पाठीवरची सॅक विरेशपासून हातभर अंतरावर होती. खाली वॉचमनचं खोपटं आगपेटीएवढं दिसत होतं. पाय घसरला म्हणायचं. कठडे नव्हते म्हणायचं. पहिल्यांदाही लोकांनी विश्वास ठेवला होता. आपला उजवा हात वर येताना त्यानं पाहिला, जणू दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. तळवा तिच्या पाठीपासून चार बोटं उरला.

आणि मागून पट्टे खेचले गेले.

हिसका नव्हता तो. दोन हातांनी धरून, सगळं वजन टाकून ओढलं होतं. इतके दिवस जे फक्त काट्याला कळत होतं ते एका क्षणात त्याच्या खांद्यांवर उतरलं. तो मागं फेकला गेला. एक पाऊल, दुसरं, आणि तिसरं लिफ्टच्या खड्ड्यात. तोल गेला. शिवलीला गर्रकन वळली, झेपावली आणि तिनं त्याच्या छातीवरचे पट्टे दोन्ही हातांनी पकडले.

"अण्णा! हात दे!"

त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते फक्त पट्ट्यांवर आवळलेले हात.

"सोड!" तो ओरडला आणि कुऱ्हाड उलटी करून हाणली. "सोड, महेश्वर! सोड बे, मी मरंन!" दुसरा घाव. ऊस मोडल्याचा आवाज. तिसरा. रक्त त्याच्या हनुवटीवर उडालं.

हात सुटले नाहीत. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी होऊन लोंबत होती तरी शिवलीलानं डाव्या मुठीत पट्टा तसाच धरून ठेवला. दात खाऊन, पाय रोवून, किंचाळत तिनं त्याला आत ओढलं. दोघंही स्लॅबवर पडले. कुऱ्हाड खड्ड्यात गेली. ती तळाला आदळल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

६

शिवलीला उठून बसली. तिनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. ओढणी गुंडाळायचंही तिला सुचलं नाही.

"कुणाला म्हणत होतास, अण्णा?"

विरेशनं तोंड उघडलं. वादळ, तीस फूट, भेग, हे शब्द दोन वर्षांत इतके गुळगुळीत झाले होते की झोपेतही म्हणता आले असते. त्यातला एकही आला नाही.

ओढाताणीत सॅकचं झाकण उसवलं होतं. आतल्या कप्प्यातून काहीतरी निसटलं आणि टणटणत तिच्या गुडघ्याशी येऊन थांबलं. चांदीची करडगी. एका बाजूला पोचा होता. लहानपणी महेश्वर जात्यावर पडला होता, तेव्हाचा.

तिनं ती डाव्या हातानं उचलली. तुटका दोरा पाहिला. स्वतःची बोटं पाहिली. मग विरेशकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की तिला डोंगरावर जायची आता काहीच गरज उरली नाही. सगळं तिला इथंच, सोलापुरात, सातव्या मजल्यावर दिसलं होतं.

ती उठली आणि जिना उतरायला लागली. डावा तळवा छातीशी, करडगी त्यात. पायऱ्यांवर तिच्या रक्ताचे थेंब पडत गेले.

"शिवलीला, थांब! ऐक माझं!"

त्यानं उठायचा प्रयत्न केला. सॅक फाटली होती, ज्वारी धार लागून लिफ्टच्या खड्ड्यात पडत होती. पडू दे, त्याला वाटलं, हलकं होईल. अठरा किलो सांडायला किती वेळ लागतो? धार बारीक झाली, मग दाणे मोजता येतील इतके, मग थांबलीच. रिकामी सॅक पाठीवर होती आणि त्याला उठता येत नव्हतं. त्यानं पट्टे सोडवायला छातीवर हात नेला. तिथं जागा नव्हती. त्याच्या खांद्यांवरून पुढं आलेलं काहीतरी आधीच तिथं होतं, बर्फासारखं गार आणि ओलं. त्यानं मान खाली घातली. उजवीकडची तीन बोटं उलटी वळलेली होती. एवढंच पाहून त्यानं डोळे मिटून घेतले.

खालच्या वळणावर शिवलीलाची पावलं थांबली होती. ती वर बघत असावी. तिचा श्वास अडकल्याचं त्याला इतक्या वरून ऐकू आलं. तिनं किंकाळी फोडावी, वॉचमनला हाक मारावी, निदान त्याचं नाव घ्यावं म्हणून तो वाट बघत राहिला.

"दादा," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, घरात झोपलेल्या माणसाशी बोलावं तसा. "सोडू नको."

ती पुन्हा उतरू लागली. पट्टे आवळले गेले, आणि ओढ खड्ड्याच्या दिशेनं होती.